युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेल्या सोमाली व्यक्तींच्या बातम्यांचा परदेशातल्या सोमाली समाजावर काय परिणाम होतो?

होतो, आणि दोन्हीकडून होतो. माझा यात अभ्यास वगैरे काही नाही. पण मी अमेरिकेत नॉर्दर्न व्हर्जिनियात राहते, आणि प्रश्न वाचून २०१९चा मे महिना आठवला, डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

युसुफ अब्दी अली उर्फ ‘कर्नल तुके’ हा सोमालियाचा तेव्हाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या फौजेतला अधिकारी. ऐंशीच्या दशकात उत्तर सोमालियात गबिले भागात होता, आणि तिथल्या इसाक कुळाच्या लोकांच्या छळाचे आरोप त्याच्यावर होते. १९९२ साली तो कॅनडात असताना तिथल्या सीबीसी वाहिनीने त्याला उघडं पाडलं, तिथून तो हाकलला गेला आणि पुढे आमच्याकडे येऊन राहिला. डलेस विमानतळावर सुरक्षारक्षक होता. २०१६ मध्ये सीएनएनने ते दाखवल्यावर त्याला रजेवर पाठवलं. २०१९च्या मे महिन्यात सीएनएनला तो पुन्हा सापडला, उबर-लिफ्ट चालवताना! उबरवर रेटिंग ४.८९. त्याच वेळी इथल्याच अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात फरहान वरफा या पीडिताने त्याच्यावर लावलेला दावा चालू होता. दावा २००४ सालचा. २१ मेला ज्युरीने त्याला छळासाठी जबाबदार धरलं, ५ लाख डॉलर भरपाई.

आमची शेजारीण मूळ उत्तर सोमालियातल्या हर्गेसा शहराची. आजूबाजूची सोमाली पोरं तिला ‘एड्डो’, म्हणजे आत्या, म्हणतात, म्हणून आम्हीही. १९८८ साली शहराच्याच विमानतळावरून उडालेल्या सरकारी विमानांनी शहरावर बाँब टाकले, त्यात तिचा भाऊ गेला. निकाल लागला तेव्हा रमजान चालू होता. संध्याकाळी ताटभर सांबूस (त्यांचे समोसे) घेऊन ती आमच्या दारात आली आणि इतकं बोलली, इतकं बोलली, की गॅसवरची आमटी करपली. एवढ्या वर्षांत कोणीतरी कोर्टात हात वर करून शपथेवर सांगतंय, आणि जज ऐकतोय, याचंच तिला अप्रूप.

आणि तिचा नवरा? तोही टॅक्सी ॲपवरच गाडी चालवतो. आरशाला सोमालीलँडचा, म्हणजे वेगळं झालेल्या उत्तर सोमालियाचा, छोटा झेंडा लावलेला असायचा, हिरवा-पांढरा-लाल. त्या आठवड्यात पॅसेंजर विचारायला लागले, ‘तुम्ही कुठले?’ एकाने तर बसल्या बसल्या फोटो काढला. झेंडा निघाला, ग्लव्ह बॉक्समध्ये गेला. हा माणूस शेजारच्या देशाचं नाव घेऊन ‘मी जिबूतीचा’ म्हणून सांगू लागला. म्हणजे ज्यांची माणसं मेली त्यांनीच तोंड लपवायचं.

माझ्या मते दोष बातमी देण्यात नाही, बातमीच्या रोखात आहे. ‘तुमचा ड्रायव्हर कोण आहे?’ हा प्रश्न विकला जातो. १९८८ला दोन ओळी, ड्रायव्हरच्या बॅकग्राउंड चेकला दहा मिनिटं. इसाक कोण, बारे कोण, कोणाला पडलंय? पाहणाऱ्याच्या डोक्यात राहतं एवढंच, सोमाली आणि युद्धगुन्हेगार. त्यात दावा दिवाणी होता, हत्येच्या प्रयत्नाचा आरोप ज्युरीने मान्य केला नाही, हे तर कोणाच्या गावीही नसतं.

समाजाच्या आतलं वेगळंच. एड्डोच्या ओळखीतले, कर्नलच्या कुळातले काही लोक महिनाभर तिच्याशी धड बोलत नव्हते. ‘आमच्याच कुळाचा माणूस का? तुमच्यातले हातात बंदूक धरलेले कुठे गेले?’ हा त्यांचा सवाल. आरोप एकावर, अंगावर घेतो अख्खा गोतावळा.

आता आमच्या घरचं. निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर थोरल्या दीरांचा मेसेज : ‘ड्रायव्हर सोमाली दिसला तर सरळ कॅन्सल करा. रिस्क कशाला?’ खाली आठ-दहा अंगठे. मी लिहिलं, ‘भाऊजी, ४८ साली गांधीजींच्या खुनानंतर साताऱ्याकडचा आपला वाडा का जाळला? मारणाऱ्याची आणि आपली जात एक, एवढंच ना?’ ही वाड्याची गोष्ट ते स्वतः दर गणपतीत डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ग्रुपवर सामसूम. मग सासूबाईंचा फोन, ‘वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का?’

तेव्हा बातमी लिहीत असाल तर आधी पीडित कोण ते सांगा, मग गाडी कुठली ते. वाचत असाल तर राइड कॅन्सल करण्याआधी जरा डोकं वापरा.

हो, हेही सांगते. पत्रकार मागे लागले नसते तर हा माणूस आरामात फिरत राहिला असता, एड्डोचंही तेच म्हणणं. शिवाय माझी ओळख दोन-चार सोमाली घरांशी. मोठी सोमाली वस्ती असलेल्या मिनिआपोलिस किंवा टोरंटोच्या डिक्सन रोडवरच्या माणसाला विचाराल तर तो दुसरंच काही सांगेल.

भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे की तुलनाच चुकीची. का चुकीची, ते काही सांगत नाहीत. या उत्तराची लिंक त्यांना पाठवते आहे, कमेंटमध्ये सांगितलं तर बरं.