चुकाऱ्याच्या पैशावर गुलमर्ग नको

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला, वय 27, कृषी केंद्रात 16,000 पगार. कॉलेजचे तीन मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला चाललेत. नागपूरहून विमान धरून माणशी 48,000. बाबांच्या नावावर 1,40,000 पीक कर्ज आहे. कापसाच्या चुकाऱ्याचे 1,10,000 खात्यात आलेत, तूर अजून घरात आहे. त्यातून 48,000 सध्या वापरून एप्रिल-मेमध्ये भरले तर चालेल का?

उत्तर : भाऊ, जायला माझी हरकत नाही. सत्ताविसाव्या वर्षी नाही तर कधी जाणार? पण या पैशातून नको.

मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज केंद्राची 3 टक्के सूट आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून जवळजवळ बिनव्याजी पडतं. 31 मार्च हुकला की सवलत फक्त तुमच्या 48,000 वरची नाही, अख्ख्या 1,40,000 वरची धोक्यात येते. 7 टक्क्यांनी वर्षाचे 9,800 रुपये झाले. त्याहून वाईट म्हणजे जुनं खातं थकलं की जूनमध्ये नवं कर्ज अडतं आणि बियाणं-खत उधारीवर उचलावं लागतं. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यात किती फरक असतो, हे मी तुम्हाला काय सांगू, बिलं तुम्हीच फाडता!

आणखी एक हिशेब. 2025-26 च्या 8,110 हमीभावाने 48,000 म्हणजे जवळपास सहा क्विंटल कापूस, तोही वेचणीची मजुरी आणि फवारणी न कापता. बाबांना विचारलंय का? पत्रात तसं कुठं दिसलं नाही.

माझं मत : या वर्षी थांबा, पुढच्या फेब्रुवारीत जा. तोवर वेचणी आणि तुरीची सोंगणीही उरकलेली असते. पगारातून महिन्याला 2,500 ची आवर्ती ठेव लावा, अकरा महिन्यांत 27,500 आणि वर थोडं व्याज. तेवढ्यात बसवायचं तर विमान सोडा. नागपूरवरून कटऱ्याला थेट रेल्वे आहे, आणि जून 2025 पासून कटरा-श्रीनगर वंदे भारतही धावते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. शिकायला पर्यटन मंत्रालयाची गुलमर्गची संस्था किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था बघा. फीमध्ये राहणं, जेवण, साहित्य यातलं काय-काय येतं ते आधी लेखी विचारा. पॅकेजवाल्यांकडे स्की, बूट, प्रशिक्षक सगळ्यांचे पैसे वेगळे लागू शकतात. विकत काहीच घेऊ नका, नवशिक्याला भाड्याचं पुरतं. गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो. तिथून घसरत उतरणं पहिल्या आठवड्याचं काम नाही, तेव्हा ते तिकीट फक्त नजाऱ्यासाठी घ्यायचं की नाही ते ठरवा.

बर्फाचीही खात्री नसते. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. बर्फ नसला तर पैसे परत मिळतील का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा.

आता गुडघा. तुमच्या बाबतीत खरी जोखीम तिथं आहे. स्कीइंगमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटतात आणि ऑपरेशन झालं तर सावरायला सहा-नऊ महिने जातात. फेब्रुवारीत पडलात तर पेरणीला बाबा एकटे. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा 2 लाख देतो, पण अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला. ऑपरेशनचं बिल तो भरत नाही. प्रवास विमा घेताना त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. भाड्याच्या दुकानात वजन विचारतील ते खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून केव्हा सुटायचा ते त्यावरून लावतात. चार किलो लपवले किंवा वाढवले तर भुर्दंड गुडघ्याला.

मित्रांना सरळ सांगा, पुढच्या वर्षी येतो म्हणून. त्यातला एखादा "मी भरतो, तू हप्त्याने दे" म्हणेल, त्याला नाही म्हणा. आणि निघण्याआधी सिम पोस्टपेड करून घ्या, आपलं प्रीपेड काश्मिरात चालत नाही.