तोच रॅथालोस, तीच शिकार?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच ‘मॉन्स्टर हंटर’ या व्हिडिओ गेम मालिकेबद्दल आहेत. कॅपकॉम कंपनीचा पहिला भाग २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला आणि ‘वाइल्ड्स’ फेब्रुवारी २०२५ मध्ये. एकवीस वर्षांत मूळ गोष्ट बदललेली नाही: मॉन्स्टर मारा, त्याच्या कातडीचं चिलखत आणि हाडांचं शस्त्र बनवा, पुढच्या मॉन्स्टरकडे जा. त्यामुळे ‘आता तेच तेच होतंय का?’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: ‘वर्ल्ड’ मी दोनशे तास खेळलो. ‘वाइल्ड्स’ घेतला तर त्यातही रॅथालोस! तीच गर्जना, तेच आगीचे गोळे, तेच विषारी पंजे. जुना माल नव्या वेष्टनात विकण्याचा हा प्रकार नाही का? (एक वाचक, सांगली)

रॅथालोस हा आग ओकणारा उडता मॉन्स्टर पहिल्या भागापासून आहे, हे खरं. पण तो तोच राहतो म्हणूनच नव्या भागात काय बदललं ते त्याच्यावर मोजता येतं. बदल बघायचा तो शिकाऱ्यात आणि रानात.

पहिल्या भागात हल्ला उजव्या अ‍ॅनालॉग स्टिकने करायचा. औषध प्यायलं की शिकारी जागच्या जागी उभा राहून दंड फुगवायचा आणि तेवढ्यात मार खायचा. मॉन्स्टर कुठे गेला हे कळायला त्याच्यावर रंगाचा गोळा फेकावा लागे. नकाशा तुकड्यातुकड्यांत विभागलेला असे. जीव वाचवायचा तर पळत पलीकडच्या तुकड्यात जायचं, शस्त्राला धार लावायची, औषध प्यायचं आणि परत यायचं. पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवरच्या भागांपर्यंत लोकांच्या अंगात हीच सवय भिनली होती.

२०१८ च्या ‘वर्ल्ड’ने ती सवय मोडली. नकाशा सलग झाला, चालता चालता औषध पिता येऊ लागलं, पण रॅथालोस आता मागे येतो. त्याचं उडून निसटण्याचं सुखही तुमच्याच हातातल्या फ्लॅश पॉडने हिरावता येतं: तो हवेत असताना डोळ्यांसमोर स्फोट झाला की खाली कोसळतो. पण हा उपाय कायमचा नाही. तीच युक्ती वारंवार वापरली की तिचा परिणाम घटत जातो.

२०२१ च्या ‘राइज’मध्ये वायरबग आले. तुम्हाला हवेत भिरकावलं तरी त्या किड्याच्या धाग्याने स्वतःला ओढून सावरता येतं. उडणाऱ्या मॉन्स्टरपुढे हात तोकडे पडण्याची जुनी तक्रार तिथे संपली, कारण तुम्हीही हवेत जाता. ‘वाइल्ड्स’मध्ये फोकस मोड आला. ग्रेट सोर्ड या अवजड तलवारीचा वार भरत असताना मॉन्स्टर बाजूला सरकला तर पूर्वी तो वार वाया जायचा. आता वार रोखून धरूनही दिशा बदलता येते.

म्हणून आमची फूटपट्टी अशी: नव्या भागात तुमची जुनी सवय तुम्हाला गोत्यात आणते का? आणत असेल तर मालिका जिवंत आहे. आणत नसेल तर पडद्यावर कितीही नवे मॉन्स्टर आले तरी तुम्ही मागचाच भाग खेळताय.

घरी तपासून बघा. ओळखीचा एक मॉन्स्टर निवडा. त्या टप्प्याला साजेसं चिलखत घाला, त्याहून भारी नको. मार्गदर्शक व्हिडिओ न बघता, जुन्याच पद्धतीने त्याची तीन वेळा शिकार करा आणि दरवेळी तुम्हाला मार नेमका कुठल्या क्षणी बसला ते लिहून ठेवा. तिन्ही वेळा मार बसलाच नाही आणि शिकार सहज संपली, तर तुमच्यापुरता तो भाग शिळा आहे. मार बसला, पण तिसऱ्या वेळी वेगळ्या क्षणी बसला, तर तुम्ही काहीतरी नवं शिकत आहात.

मालिका या कसोटीवर नापासही झाली आहे. ‘राइज’मधल्या रॅम्पेज नावाच्या मोहिमा त्याचं ठळक उदाहरण. तटबंदीवर तोफा मांडायच्या, झुंडी थोपवायच्या, दुसऱ्याच वेळी त्यात शिकण्यासारखं काही उरत नव्हतं. ‘सनब्रेक’ या विस्तारात त्यांनी त्या पुढे नेल्या नाहीत, हे बरं केलं. ‘आइसबोर्न’ या ‘वर्ल्ड’च्या विस्तारातल्या क्लच क्लॉचंही तसंच. मॉन्स्टरला लटकून त्याचा एखादा भाग मऊ करायचा ही कल्पना पहिल्या दहा शिकारींत झकास वाटते. पण तो मऊपणा सुरुवातीला जेमतेम ९० सेकंद टिकायचा आणि हलक्या शस्त्रांना त्यासाठी दोनदा लटकावं लागायचं. लढाई राहिली बाजूला, घड्याळाकडे बघत पुन्हा पुन्हा लटकायचं, एवढंच हाती उरलं. पुढे अपडेटने वेळ १८० सेकंदांवर नेली आणि हलक्या शस्त्रांना एका फेरीत काम व्हावं म्हणून शेव्हर ज्वेल हा शस्त्रात किंवा चिलखतात बसवायचा खडा दिला. तुम्ही आज ‘आइसबोर्न’ खेळत असाल आणि हातात ड्युअल ब्लेड्ससारखं शस्त्र असेल, तर ते ज्वेल आधी मिळवा.

प्रश्न: माझी प्रत्येक शिकार ३५-४० मिनिटं चालते. तेच बटण दाबत राहायचं. सगळे या गेमला एवढं का नावाजतात? (एक वाचक, नाशिक)

बहुतेक शिकारींना ५० मिनिटांची मर्यादा असते. ४० मिनिटं लागत असतील तर तुमचं काहीतरी चुकतंय, आणि जो कंटाळा येतोय तो त्याच चुकीचा आहे. क्रमाने बघा. आकडे ‘वर्ल्ड’चे आहेत.

आधी धार. पडद्यावर शस्त्राची धार दाखवणाऱ्या पट्टीचा रंग निव्वळ शोभेचा नाही. लाल धारेला नुकसान ०.५ पट, नारंगीला ०.७५, पिवळीला १, हिरवीला १.०५, निळीला १.२० आणि पांढरीला १.३२ पट होतं. म्हणजे पांढरी धार हिरवीपर्यंत उतरू दिलीत तर प्रत्येक वार सुमारे पाचवा हिस्सा कमी पडतो. ‘वर्ल्ड’मध्ये धारेचा दगड संपत नाही. मॉन्स्टर जागा सोडून निघाला की पाठलागाआधी धार लावा.

मग जागा. शस्त्र टणकन उसळून परत येत असेल तर तुम्ही कठीण भागावर मारताय किंवा धार उतरलीय. बॅरॉथ या मॉन्स्टरचं डोकं ढालीसारखं आहे, आणि नवशिके नेमके तिथेच तलवार आपटत राहतात. त्याचे पुढचे पाय धरा. अंगावर चिखल असताना त्याला पाणी लागतं, चिखल गळून पडला की आग लागते, आणि वीज अजिबात लागत नाही. विजेचं शस्त्र घेऊन बॅरॉथकडे गेलेल्या माणसाची शिकार लांबणारच.

हुकमी वार, म्हणजे क्रिटिकल, साधारण २५ टक्के जास्त नुकसान करतो. वीकनेस एक्सप्लॉइट हे कौशल्य तिसऱ्या पातळीला नेलं की मऊ जागेवर क्रिटिकलची शक्यता ५० टक्क्यांनी वाढते. मऊ जागा म्हणजे गेमच्या हिशेबात जिथे वाराचं ४५ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागू होतं तो भाग. ‘आइसबोर्न’ घेतला असेल तर हे गणित बदलतं: मऊ जागेवर ३० टक्के, आणि क्लॉने मऊ केलेल्या जागेवर ५०.

जेवूनच निघा. जेवणाशिवाय तब्येतीची पट्टी १०० असते, कँटीन नीट वाढवलं असेल तर जेवणाने १५० होते. तीनदा बेशुद्ध पडलात की शिकार फसते. एका तडाख्यात आडवे होणारे बहुतेक जण उपाशी निघालेले असतात.

मॉन्स्टर लंगडू लागला आणि नकाशावर त्याच्या चित्राशी कवटी दिसली, की मारत बसू नका, पकडा. एक सापळा आणि गुंगी आणणारे दोन ट्रँक बॉम्ब लागतात. शॉक ट्रॅप म्हणजे ट्रॅप टूल आणि थंडरबग; पिटफॉल ट्रॅप म्हणजे ट्रॅप टूल आणि जाळं; ट्रँक बॉम्ब म्हणजे स्लीप हर्ब आणि पॅराश्रूम. सापळा मांडल्यावर बॉम्ब शोधत बसणं ही नेहमीची चूक. दोन्ही वस्तू शॉर्टकटमध्ये शेजारी ठेवा. एल्डर ड्रॅगन या वर्गातले मॉन्स्टर मात्र सापळ्यात येत नाहीत, तिथे ही सामग्री वाया घालवू नका.

आणि मॉन्स्टर लढाई सोडून आपल्या गुहेत झोपला असेल तर धावत जाऊन चाकूने उठवू नका. झोपेतल्या मॉन्स्टरला पहिला तडाखा दुप्पट बसतो, आणि फक्त पहिलाच. तो तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या वारासाठी राखा: ग्रेट सोर्डचा पूर्ण भरलेला वार किंवा डोक्याशी ठेवलेला मोठा बॅरल बॉम्ब.

प्रश्न: माझा मुलगा एकाच प्राण्याला पंधरा-पंधरा वेळा मारतो. हे खेळणं आहे की व्यसन? (एक आई, ठाणे)

ताई, तो एका वस्तूच्या मागे आहे. चांगल्या शस्त्रासाठी त्या मॉन्स्टरचा दुर्मीळ मणी लागतो आणि तो मिळण्याची शक्यता बहुतेक वेळा दोन-तीन टक्के असते. तुमची चिंता रास्त आहे, कारण या मालिकेचा सर्वांत कमकुवत भाग हाच. पहिल्या पाच शिकारींत मुलगा मॉन्स्टरच्या हालचाली शिकतो. त्यानंतर तो नुसते फासे टाकत असतो.

त्याला दोन गोष्टी सांगा. ‘वर्ल्ड’मध्ये इन्व्हेस्टिगेशन नावाच्या मोहिमांत बक्षिसाच्या सोनेरी आणि रुपेरी पेट्या असतात, त्यांत मणी मिळण्याची शक्यता साध्या शिकारीपेक्षा जास्त असते. शिवाय सोनेरी वायव्हेरियन प्रिंट ही बदलीसाठीची तिकिटं साठवली तर मणी थेट बदलून घेता येतो. आणि दिवसाचा हिशेब तासांत न धरता शिकारींत धरा: ‘आज तीन शिकारी’ असं ठरलं की मर्यादा पाळणं मुलाला सोपं जातं, कारण चालू शिकार मधेच तोडली तर त्याची मेहनत वाया जाते.

प्रश्न: आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. कुठला भाग चालेल? (एक वाचक, कोल्हापूर)

‘राइज’. जीटी १०३० सारख्या साध्या ग्राफिक्स कार्डावरही तो चालतो. ‘वर्ल्ड’ला किमान आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७६० च्या तोडीचं कार्ड हवं. ‘वाइल्ड्स’ला १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर ७५ जीबी जागा लागते, आणि शिफारस केलेल्या आरटीएक्स २०६० सुपरवरही सेकंदाला ६० फ्रेम गाठायला फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम संगणकाने स्वतः भरण्याची सोय, चालू ठेवावं लागतं. तुमच्या लॅपटॉपवर तो विकत घेऊ नका.

प्रश्न: लाँग सोर्ड सोडून दुसरं काही जमतच नाही. तरी आता त्याचाही कंटाळा आलाय. (एक वाचक, पुणे)

मालिकेत १४ शस्त्रं आहेत आणि हा आकडा ‘मॉन्स्टर हंटर ४’ पासून, म्हणजे २०१३ पासून, वाढलेला नाही. तरी ताजेपणाचा सर्वांत मोठा साठा इथेच आहे, आणि बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत.

लाँग सोर्डवरून ड्युअल ब्लेड्सवर जाऊ नका. दोन्हीकडे चुकवायचं आणि वार करायचा, हाताला फरक कळणार नाही. लान्स घ्या, म्हणजे लांब भाला आणि ढाल. सुरुवातीला ते संथ वाटेल, कारण तुम्ही पळायला बघाल. लान्स पळण्यासाठी नाही. मॉन्स्टरच्या पायाशी चिकटून राहा, तीन टोचण्या मारा, चौथीच्या जागी ढाल उचला किंवा बाजूला उडी घ्या, पुन्हा तीन. ज्या रॅथालोसला तुम्ही दोनशे तास दुरून बघितलं, त्याचे पाय कधी आणि का हलतात हे पहिल्यांदा दिसेल.

डोकं चालवायची हौस असेल तर चार्ज ब्लेड: तलवार आणि ढाल जोडून कुऱ्हाड होणारं शस्त्र. तलवारीने मारत ऊर्जा साठवा. खूण पिवळी झाली की भरल्यावर तीन फायल, म्हणजे ऊर्जेच्या कुप्या, मिळतात, लाल झाली की पाच. लाल झाल्यावरही मारत राहिलात तर तलवार तापून उसळू लागते. निम्मे लोक इथेच शस्त्र टाकून देतात. लाल होताच फायल भरा, मग कुऱ्हाडीच्या मोठ्या वाराची ऊर्जा ढालीत वळवा, पुन्हा तलवारीने फायल भरा, आणि आता मोठा वार करा. हा क्रम सरावाच्या मैदानात खांबावर वीस वेळा घोटा. मग सोप्या मॉन्स्टरवर पाच शिकारी करा. पाचव्यापर्यंत निकाल लावू नका.

‘वर्ल्ड’ नव्याने सुरू करणार असाल तर फुकट मिळणारी डिफेंडर शस्त्रं आणि गार्डियन चिलखत पेटीतच ठेवा. ती विस्तारापर्यंत पटकन पोचवण्यासाठी दिलेली आहेत. त्यांनी मॉन्स्टर दोन-चार मिनिटांत पडतात आणि शस्त्र शिकायला वावच राहत नाही.

प्रश्न: ‘वाइल्ड्स’मध्ये शिकार आठ मिनिटांत संपते. नवा भाग, तरी लवकर कंटाळा. का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

जखमांमुळे. एकाच जागी मारत राहिलं की जखम उघडते, फोकस स्ट्राइकने, म्हणजे फोकस मोडमधल्या खास वाराने, ती फोडली की मोठं नुकसान होतं आणि मॉन्स्टर डगमगतो. तो सावरेपर्यंत दुसरी जखम तयार असते. त्याला आपल्या चाली दाखवायला वेळच मिळत नाही, आणि ज्या मॉन्स्टरच्या चाली तुम्ही पाहिल्याच नाहीत त्याच्याशी ओळख कशी होणार? आमच्या मते ही रचनेतली चूक आहे. कल्पना उत्तम, पण जखमा फार स्वस्त मिळतात.

जखम दिसताच फोडू नका. मॉन्स्टर धावून येईपर्यंत किंवा मोठा हल्ला सुरू करेपर्यंत थांबा आणि त्या क्षणी फोडा. मग ती जखम हल्ला मोडण्याचं हत्यार होते. ग्रेट सोर्ड असेल तर खालून वर जाणारा ऑफसेट वार वापरा, मॉन्स्टरचा हल्ला अंगावर येतानाच तो परतवायचा असतो. मदतीला येणारे संगणकी शिकारी बोलवू नका. साध्यांऐवजी टेम्पर्ड, म्हणजे त्यांच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीचे, मॉन्स्टर निवडा. आणि सेटिंगमध्ये जाऊन सेक्रेट हा तुमचा स्वारीचा प्राणी आपोआप धावतो ते बंद करून लगाम स्वतःच्या हाती घ्या. तो तुम्हाला थेट मॉन्स्टरच्या दारात नेऊन सोडतो, तोवर वाटेतलं अर्धं रान बघायचं राहून जातं, आणि त्या रानातल्या वेली, कोसळू शकणारे दगड आणि विषारी बेडूक हेच पुढे लढाईत तुमच्या उपयोगी पडणार असतात.