मजकूर उचलला, चुकांसकट!

प्रश्न : आमचा कोकम, आमसुलं, फणसपोळीचा घरगुती उद्योग आहे. दुसऱ्या एका विक्रेत्याने आमच्या वेबसाइटवरची सगळी माहिती जशीच्या तशी उचलली आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! आम्ही मजकुराची नोंदणी केलेली नाही. त्याला फोन करून जाब विचारावा का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : फोन आत्ता नको. तुमचा फोन गेला की तो पान बदलणार आणि पुरावा हातचा जाणार. आधी त्याच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेबपत्ता आणि तारीख दिसू द्या. मग ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबसाइटच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये तेच पत्ते टाका, म्हणजे त्रयस्थाकडे तारखेसह प्रत राहील. तुमचं जुनं पान तिथे आधीपासून असेल तर फारच उत्तम. आणि हो, तुमच्या त्या चुका इतक्यात दुरुस्त करू नका. नक्कल झाली हे त्याच दाखवून देतात.

नोंदणीची चिंता सोडा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ती सक्तीची नाही. खरी मेख वेगळीच आहे : मजकूर लिहिला कोणी? तुम्ही स्वतः किंवा पगारी माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिला असेल तर हक्क तुमचा. बाहेरच्या लेखकाला पैसे देऊन लिहून घेतला असेल, तर लेखी हस्तांतर होईपर्यंत हक्क त्याचाच. तसं असेल तर आधी त्याची सही घ्या. त्या कागदात मुदत आणि प्रदेश लिहाच. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत.

आता विक्रेत्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवा : तुमचं पान, त्याचं पान, सात दिवसांची मुदत. प्रकरण इथेच मिटू शकतं. नाही मिटलं तर होस्टिंग कंपनीकडे (जिच्या सर्व्हरवर त्याची वेबसाइट आहे तिच्याकडे) लेखी तक्रार करा. २०१३च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे, तक्रार पटल्यास ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पण तक्रारीतच दावा लावण्याची हमी द्यावी लागते, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो मजकूर पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून वकिलाशी आधीच बोलून ठेवा. दावा तुमच्या व्यवसायाच्या जिल्ह्यातही लावता येतो.

गूगलच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मने ते पान फक्त शोधातून जातं, वेबसाइटवर राहतंच. किंमत, वजन, घटकांची यादी यांवर मात्र हक्क सांगू नका. ती कोणीही लिहू शकतो.