मुंबईचाच संगीतकार लागतो का?

प्रश्न: ताई, मी केज तालुक्यातला. ऊसतोड बायकांवर 40 मिनिटांची डॉक्युमेंट्री केलीय, एडिट जवळपास झालंय, पण म्युझिकपाशी अडलंय. मुंबईतल्या एकाला विचारलं तर त्यानं सांगितला तो आकडा म्हणजे माझं सगळं बजेट. मित्र म्हणतो यूट्यूबवरचं फ्री म्युझिक लाव अन् मोकळा हो. काय करू?
– एक वाचक, केज

उत्तर: दादा, "जवळपास झालंय" म्हणजे झालेलं नाही. आधी एडिट लॉक करा, म्हणजे त्यानंतर कापाकापी बंद. संगीत सेकंदाला बांधून केलेलं असतं, नंतर तुम्ही चार सेकंद कापले की त्या बिचाऱ्याची पुढची सगळी बांधणी हलते, अन् मग भांडणं.

माणूस शोधायला मुंबई कशाला? संभाजीनगरात विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात जा, एकांकिकांना पार्श्वसंगीत देणारी पोरं तिथंच भेटतील, बिनपैशात काम काढायची त्यांना सवय असते (म्हणून फुकटात राबवून घेऊ नका, कमी द्या पण ठरवून द्या). अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाला गेलात तर शॉर्टफिल्मची टायटल्स संपेपर्यंत उठू नका, नावं तिथंच मिळतात. त्यांची गाणी ऐकून भुलायचं मात्र नाही, कुणीतरी बोलतंय अन् त्याखाली संगीत चाललंय असा एखादा तुकडा मागा. डॉक्युमेंट्रीत खरी परीक्षा तीच.

मग शेजारी बसून फिल्म दाखवा अन् संगीत कुठं नको ते आधी ठरवा. तुमच्या फडातल्या सीनमध्ये कोयत्याचा खच्च खच्च आवाज, मोळी ट्रॉलीत पडल्याचा धप्प, बैलांची घुंगरं असतील ना, मग त्यावर हलगी कशाला? तो आवाजच ताल धरतो, संगीतकारानं फार तर त्याच लयीत एखादा सूर हळूच धरावा. "जरा इमोशनल द्या" असं तर अजिबात म्हणू नका, हमखास बासरी येते! बाई त्या वेळी थकलीय का चिडलीय का नुसती हिशोब लावतेय, ते सांगा. आणि एडिट करताना दुसऱ्या फिल्मचं म्युझिक तात्पुरतं लावलं असेल तर काढून टाका, तुमचा कान तिथंच अडकतो अन् मग त्याची नक्कलच हवीशी वाटते.

फ्रीचं म्हणाल तर लायसन्स नीट वाचा, काहींमध्ये कमाईसाठी वापरायला मनाई असते, काहींना श्रेय द्यावंच लागतं.

करार दोन पानी का होईना, कराच. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर फिल्म थिएटरबाहेर वापरली गेली तर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीनंही काढून घेता येत नाही. फिल्ममध्ये एखादी बाई ओवी म्हणत असेल तर ओवी पारंपरिक असली तरी गाणं तिचं आहे, कायद्यात कलाकाराचा हक्क 50 वर्षं टिकतो, तेव्हा तिचीही लेखी परवानगी अन् मानधन धरा. शेवटी फाईल 48 किलोहर्ट्झची वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी फाईल) मागा, वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे बोलणं दबायला लागलं तर मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, एखादंच वाद्य खाली घेता येईल.