मेसेज उडवा, माणूस उडवू नका

प्रश्न : ताई, मी लातूरला रूम करून राहते, डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा रिपीट करायले. आमचा रिपीटरांचा ग्रुप आहे, अभ्यासाचाच, पण रात्री बारानंतर तिथं वेगळंच चालतं. परवा रात्री दोनला एकानं लिहिलं, 'आता बास, मी नसलेलंच बरं, घरच्यांचे पैसे तरी वाचतील.' खाली रडके इमोजी, दोघांचं 'सेम भाई', आणि सकाळी अ‍ॅडमिननं निगेटिव्ह नको म्हणून त्याला रिमूव्हच केलं. माझ्याकडं नंबर आहे त्याचा, पण बोलून उलटंच झालं तर? पोलिसांचं लफडं तर नाही ना?

उत्तर : पत्र आलं त्याच दिवशी तुला कळवलं होतं की आधी फोन लाव. बाकीचं इथं लिहिते कारण असे ग्रुप लई झालेत.

अ‍ॅडमिन घाबरला असेल बिचारा, पण जो म्हणतोय मी नसलेलंच बरं त्याला तुम्ही तेच करून दाखवलं की गं! कुणी 'कसं करायचं' असलं लिहायला लागलं तर तो मेसेज उडवा, माणूस नाही. आणि 'सेम भाई'वाल्यांवर चिडू नको, बापानं सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून फी भरलेली, तो फोनवर 'जेवलास का' विचारतो, त्याला काय सांगणार लेकरू? म्हणून तिथं बोलतात. फक्त रात्री दोनला सगळेच गाळात, कोण कुणाला ओढणार.

फोनवर त्याला सरळ विचार, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. मग गप ऐक. 'आईबापाचा विचार कर' अजिबात म्हणू नको, तो तेवढाच तर करतोय, पैसे वाचतील म्हणतोय ना. हो म्हणाला तर कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नको, रूम पार्टनर, घरमालक, मेसवाल्या काकू, कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसायला पाहिजे, घरीही कळवायचं. आत्ताच धोका वाटला तर ११२, नाहीतर सरळ सरकारी दवाखाना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात, त्याच्यासाठी काय करू हे विचारायला तूही लावू शकतेस.

पोलिसांचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. मग मदतीला धावणारीला कसली भीती?

आणि काय गं, रात्री दोनला तूही जागीच होतीस की. जेवतेस कधी, झोपतेस कधी, ते लिही मला.