पिनपॉइंटर घेताना आधी सेलचे झाकण पाहावे

इंग्लंडमधील हॅम्पशायरच्या नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना आपले दोन स्वस्त पिनपॉइंटर (खणलेल्या खड्ड्यात धातूची नेमकी जागा दाखवणारे हातातले छोटे डिटेक्टर) एकाच पावसाळी हंगामात बंद पडले आणि आता टिकेल असा कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. किती खोल पाण्यात चालतो हे सांगणाऱ्या, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आयपी हे पाणी व धूळ आत न शिरण्याचे मानांकन असून आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ निर्माताच ठरवतो. ही चाचणी स्वच्छ पाण्यात, नव्याकोऱ्या उपकरणावर होते. शेतात मात्र चिखलाच्या हातांनी सेल बदलला जातो, वाळूचा एखादा कण ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, बसतो, झाकण आवळताना तो रबरात रुततो आणि पुढच्या सरीला पाणी तेथूनच आत शिरते.

म्हणून झाकणाचे आटे जाड असावेत, ते हातमोजे घालूनही फिरवता यावे आणि ओ-रिंग सुटी विकत मिळावी. सेल शक्यतो घरीच बदलावा, रिंग आणि आटे कोरड्या फडक्याने पुसावेत आणि रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा.

दुसरी नाजूक जागा म्हणजे टोक. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार असते. फेराइट ठिसूळ असते, त्यामुळे खड्ड्यातील ढेकूळ पिनपॉइंटरने उकरण्याची सवय लागली की कांडीला तडा जातो किंवा ती आत हलू लागते. जवळपास धातू नसताना टोक बोटाने दाबून पाहावे. तेवढ्यानेच आवाज येत असेल, तर ते उपकरण घेऊ नये. हॅम्पशायरच्या चुनखडीच्या जमिनीत धारदार फ्लिंट (चकमकीचे दगड) विपुल असल्याने टोकाचे प्लॅस्टिकही लवकर झिजते. बदलता येणारी टोपी मिळत असेल तर उत्तमच, नाही तर हीट-श्रिंक (उष्णतेने आकसणाऱ्या) नळीचा तुकडा चढवावा.

आपल्या कामासाठी मी गॅरेटचा नारिंगी प्रो-पॉइंटर एटी निवडेन. तो 6 मीटरपर्यंत पाण्यात चालतो आणि त्यात कोणत्याही दुकानात मिळणारा 9 व्होल्टचा सेल बसतो. त्याच कंपनीचा काळा प्रो-पॉइंटर २ मात्र पाण्यात बुडवण्यासाठी नाही, हे ध्यानात असू द्यावे. मायनलॅबचा प्रो-फाइंड ३५ 3 मीटरपर्यंत चालतो आणि लोखंडासाठी वेगळा सूर देतो, त्यामुळे खिळ्यांनी भरलेल्या शेतात तो सोयीचा ठरतो. एक्सपीचा एमआय-६ उत्तम आहे, विशेषतः त्याच कंपनीचा डेऊस हा मेटल डिटेक्टर वापरणाऱ्यांना. पण त्याची बॅटरी आत बसवलेली असते आणि ती वर्षांगणिक क्षीण होत जाणारच. दहा वर्षे वापरायचे उपकरण हवे असेल, तर मला सुटा सेल अधिक भरवशाचा वाटतो.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. गॅरेटच्या पिनपॉइंटरच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांना कंपनीची दोन वर्षांची हमी लागू होत नाही.