बंपरच्या आतला फोम थर्माकोलच असतो का? तो तुटला तर बदलावा का?

दिसायला तसाच, पण बहुतेक गाड्यांत तो ईपीपी, म्हणजे फुगवलेलं पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लास्टिक) असतं. थर्माकोल पॉलिस्टायरीन या वेगळ्या प्लास्टिकचा, एकदा दबला की दबलेलाच राहतो किंवा तुटतो. ईपीपी हलक्या धक्क्यानंतर बराचसा मूळ आकारात येतो. त्यात ९० टक्क्यांहून जास्त हवा असते. धडकेत सूक्ष्म कप्प्यांच्या भिंती वाकतात, आतली हवा दाबली जाते आणि धक्का थोडा जास्त वेळ घेऊन, पसरून फोमच्या मागे असलेल्या बीमपर्यंत (मजबूत आडव्या दांड्यापर्यंत) पोचतो. पादचाऱ्याच्या पायाला होणारी इजाही यानेच कमी होते.

म्हणून तुटला असेल तर नक्की बदला. गॅरेजवाले पुष्कळदा फक्त वरचं कव्हर रंगवून देतात. आतला फोम स्वतः बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.